फाइल कुठे गेली? : फाइल मॅनेजर आणि ब्राउझर यांची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या संगणक कक्षात माजी विद्यार्थ्यांची आणि पालकांची वर्दळ सुरू होते. कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो, कुणाला वसतिगृहाचा, कुणाला सातबारा काढावयाचा असतो. या दिवसांत एक वाक्य आमच्या कानी इतक्या वेळा पडते, की प्रस्तुत लेखाला तेच निमित्त झाले आहे : "सर, दाखला काल डाउनलोड केला होता, आज दिसत नाही." एका माजी विद्यार्थिनीची तर अर्जाच्या अखेरच्या दिवसाची सबंध दुपार अशा शोधात गेली. दाखला संगणकातच होता. ती तो ब्राउझरमध्ये शोधत होती आणि तो पडला होता फाइल मॅनेजरच्या एका फोल्डरमध्ये. अर्ज रात्री उशिरा गेला खरा. परंतु तिच्या वडिलांनी त्या दुपारी कक्षाबाहेर घातलेल्या येरझाऱ्या आम्ही विसरलेलो नाही.

ही चूक तिची एकटीची नव्हती. किंबहुना संगणक बनविणाऱ्यांनीच ती आपल्या गळ्यात बांधली आहे. १९९५ साली 'विंडोज ९५' आले, तेव्हा त्यातील फाइल मॅनेजरला 'विंडोज एक्सप्लोरर' असे नाव होते. त्याच वर्षी त्याच कंपनीचा ब्राउझर आला, त्याचे नाव 'इंटरनेट एक्सप्लोरर'. नाव जवळजवळ एक, चौकट जवळजवळ एक, आणि पुढे काही काळ एकाच्या पट्टीत दुसऱ्याचा पत्ता टंकला तरी काम होत असे. त्या काळी शिकलेल्या पिढीच्या मनात दोघांची गल्लत झाली, यात नवल ते काय? आज पहिल्याचे नाव 'फाइल एक्सप्लोरर' आहे आणि दुसरा २०२२ मध्ये निवृत्त झाला. गल्लत मात्र राहिली.

भेद थोडक्यात असा. फाइल मॅनेजर आपल्या यंत्रात जे साठविलेले आहे ते दाखवितो. ब्राउझर दूरच्या कुठल्यातरी संगणकावर जे आहे ते मागवून दाखवितो. पहिल्याला इंटरनेटची गरज नाही, दुसऱ्याचे त्यावाचून चालत नाही.

फाइल मॅनेजरची रचना आपल्या पालकांना नवी वाटू नये. महाभूलेखवर सातबारा पाहताना आपण आधी जिल्हा निवडतो, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी गट क्रमांक. हिंगोली, कळमनुरी, आपले गाव, गट क्रमांक ४५. संगणकातील फोल्डर असेच एकाच्या पोटात एक असतात आणि अगदी आत फाइल असते. या उतरत्या वाटेला 'पाथ' म्हणतात. पाली ग्रंथांचे वाचन असणाऱ्यांना आणखी एक उदाहरण देता येईल. पिटक म्हणजे टोपली. महापरिनिब्बान सुत्त हवे असेल तर तिपिटकातील सुत्तपिटक, त्यातील दीघनिकाय, त्यातील महावग्ग, असे उतरत जावे लागते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीसह अनेक लिप्यांत संकेतस्थळावर ठेवलेल्या तिपिटकातही याच क्रमाने जावे लागते. टोपलीत टोपली ठेवण्याची युक्ती संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

गट क्रमांक ४५ तालुक्यातील अनेक गावांत असू शकतो, परंतु एका गावात तो एकच. फाइलचेही तसेच. 'दाखला' नावाच्या फाइली दोन वेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदतात. एकाच फोल्डरमध्ये त्याच नावाची व त्याच प्रकारची दुसरी फाइल राहू शकत नाही. म्हणूनच तोच दाखला पुन्हा डाउनलोड केला, की ब्राउझर त्याच्या नावापुढे कंसात १ लावतो, तिसऱ्यांदा केला की २. आमच्या कक्षातील एका संगणकावर असा एकच उत्पन्नाचा दाखला अकरा वेळा उतरविलेला आढळला. प्रत्येक वेळी तो 'हरवला' होता आणि प्रत्येक वेळी तो 'डाउनलोड्स' याच फोल्डरमध्ये होता. ब्राउझरने आणलेली वस्तू, दुसरे काही सांगितले नसेल तर, तेथेच उतरते. तेव्हा पहिली सवय ही लावून घ्यावी की उतरविलेली फाइल लगेच आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवावी आणि तिला ओळखू येईल असे नाव द्यावे. यंत्राने दिलेल्या अंकांच्या लांबलचक नावावरून पुढच्या वर्षी काहीच उमजणार नाही.

आता ब्राउझरविषयी. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला; भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. ब्राउझर पाने दाखवितो, ती आपल्याकडे कायमची ठेवीत नाही. दिसणे आणि असणे यांतील हा फरक फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. आमचा एक विद्यार्थी पहिला खंड ब्राउझरमध्ये उघडून तासभर वाचत बसला. दुसऱ्या दिवशी जोडणी बंद होती आणि खंड 'गायब' होता. त्याने तो पाहिला होता, उतरविला नव्हता. तोच खंड डाउनलोड करून ठेवला असता, तर इंटरनेट नसतानाही तो फाइल मॅनेजरमधून उघडता आला असता.

ब्राउझरच्या माथ्यावरील पत्त्याच्या पट्टीकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. आमच्या मते सर्वाधिक लक्ष द्यावे ते तिकडेच. त्या पट्टीत पूर्ण पत्ता न टंकता केवळ 'शिष्यवृत्ती' असे लिहिले, तर ब्राउझर शोधयंत्राकडे जातो, आणि यादीत सर्वांत वर आलेले नाव कित्येकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. पत्ता वाचावा तो पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, आणि उजवीकडून डावीकडे. तेथे शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असेल, तर ते शासकीय संकेतस्थळ. तीच अक्षरे मध्ये कुठेतरी असतील आणि शेवट 'डॉट कॉम' किंवा आणखी कशाने होत असेल, तर तेथे आधार क्रमांक देऊ नये. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर अनेकांचा विश्वास असतो. ते कुलूप एवढेच सांगते, की वाटेत कुणी माहिती वाचू शकणार नाही. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. हा गैरसमज होतो म्हणूनच २०२३ मध्ये 'क्रोम' ब्राउझरने ते चिन्ह बदलले.

फाइलचे आडनावही वाचावे. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे फाइलचा प्रकार सांगतात : पीडीएफ म्हणजे कागदपत्र, जेपीजी म्हणजे छायाचित्र. अलीकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या काही फाइलींचे आडनाव 'एपीके' असते. ती पत्रिका नव्हे; फोनमध्ये शिरून बँकेचे संदेश वाचू शकणारा तो प्रोग्राम असतो. पाठविणारा आपला सख्खा पाहुणा असला, तरी अशी फाइल उघडू नये. बहुधा त्याचाही फोन आधीच फसलेला असतो.

राहता राहिले गावातील सेवा केंद्र किंवा कॅफे. घरी संगणक नसणाऱ्या आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे काम तेथेच होते. काम आटोपल्यावर आपण लॉग आउट करतो, क्वचित ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' खिडकीही वापरतो आणि निश्चिंत होतो. परंतु ती खिडकी बंद केल्याने पाहिलेल्या पानांचा इतिहास जातो. उतरविलेल्या फाइली 'डाउनलोड्स'मध्ये जशाच्या तशा राहतात. जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, आधार, सर्व काही पुढच्या ग्राहकासमोर उघडे. म्हणून उठण्यापूर्वी फाइल मॅनेजर उघडावा, आपल्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्याव्यात, संगणकावरील प्रती पुसाव्यात आणि 'रीसायकल बिन'ही रिकामा करावा. पुसलेली फाइल आधी तेथे जाऊन बसते. मात्र पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा या टोपलीत जात नाही, ती थेट जाते. तेव्हा कोणत्या बाजूची प्रत पुसत आहोत, हे दोनदा पाहावे. पेनड्राइव्ह नसेल तर केंद्रचालकाला सांगून आपल्या देखतच फाइली पुसून घ्याव्यात. तसे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. कागदपत्रे आपली आहेत.