विमान कोणाच्या हातीं?

प्रवासी विमानांत आज दोन वैमानिक असतात. एकानें विमान हांकावयाचें. दुसऱ्यानें यंत्रांवर नजर ठेवून बिनतारी संभाषण सांभाळावयाचें. ही वांटणी सुटली म्हणजे काय होतें?

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्रीं अमेरिकेंत मियामीजवळ एका विमानाचा, पुढचें चाक उतरल्याची खूण देणारा दिवा लागेना. दिवा तो केवढा! चालककक्षांत चार जाणते पुरुष होते. सर्वांचें लक्ष त्यांतच गुंतलें. विमान २००० फुटांवर स्वयंचालकाच्या हवालीं होतें. त्याची उंची राखण्याची व्यवस्था नकळत सुटली, विमान हळूहळू उतरूं लागलें. सूचनेचा नादहि कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. दलदलींत कोसळून १०१ माणसें दगावलीं. चाक उतरलेलेंच होतें. जळाला होता केवळ दिवा.

आतां बिघाडाकडे वळण्यापूर्वीं विमान कोण हांकणार, हें कप्तान मोठ्यानें बोलून ठरवितो.