आधी मुले, मग डावपेच

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉल

- नववी ते बारावीची मुले. एका बाजूला 11 खेळाडू. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे. 12 मिनिटांचे चार भाग. व्यावसायिक लीगमध्ये 15 मिनिटांचे.
- सरकारी शाळेचा संघ बहुधा परिसरातल्याच मुलांचा. नव्या प्रशिक्षकाला खेळाडू विकत घेता येत नाहीत; आहेत त्या मुलांना साजेशी खेळाची रचना निवडायची.
- विंग-टी : चेंडू घेऊन धावण्यावर भर.
- स्प्रेड : खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरतात, चपळ मुलांना मोकळी जागा.
- मिडलटाऊन, ओहायो, 1958 : संघ हरत असताना प्रशिक्षक टायगर एलिसन यांनी भर हंगामात रचना बदलली. त्यातूनच पुढे ‘रन अँड शूट’ ही रचना.
- पीडमाँट, कॅलिफोर्निया, 2007 : धिप्पाड मुले मोजकीच, म्हणून ‘ए-11’ रचना. पास नेमका कोण झेलणार, हे प्रतिस्पर्ध्याला ओळखणे अवघड. 2009 मध्ये नियम बदलून ही रचना बंद.