साचा एकच, शीड मात्र नवं

लांबी 4.23 मीटर. डोलकाठी आणि शीड वगळून नुसत्या हलचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या मूळ अंगाचं वजन 59 किलो. शिडाचं क्षेत्रफळ 7.06 चौरस मीटर. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही बोट 1971 मध्ये ‘लेझर’ नावानं बाजारात आली. तेव्हापासून दोन लाखांहून अधिक बोटी तयार झाल्या, तरी हे तिन्ही आकडे जवळपास जागच्या जागी आहेत. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये लेझर पहिल्यांदा उतरली आणि ब्राझीलच्या रॉबर्ट शाइट यांनी सुवर्ण जिंकलं. हेच शाइट 2021 मध्ये टोकियोत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याच जातीच्या बोटीतून आठवे आले. पंचवीस वर्षं टिकणारी स्पर्धा एका बोटीत करता येते, ती बोट बदलत नाही म्हणून.

या प्रकाराला वन-डिझाइन म्हणतात. सगळ्यांच्या बोटी एकाच साच्याच्या, शीड ठरलेल्या कापडाचं, डोलकाठी ठरलेल्या जाडीची. शर्यत खलाशांची लागते, त्यांच्या पाकिटांची नाही. तरीही लेझरच्या वर्गात साहित्य बदललं. 2001 मध्ये शीड ताणणाऱ्या दोऱ्यांची व्यवस्था बदलली, 2016 च्या सुमारास शीड बदललं आणि 2017 मध्ये डोलकाठीचा वरचा तुकडा. प्रत्येक बदलाच्या आधी वर्षानुवर्षं वाद झाले. या वादांत दोन्ही बाजूंनी बहुतेक वेळा चुकीचा आकडा धरला, असं माझं मत आहे. विचारलं जातं ते हे, की नवं साहित्य किती वेगवान आहे. विचारायला हवं ते हे, की नव्या आणि जुन्या साहित्यातलं अंतर किती उरतं.

आधी हे भांडण इतकं चिवट का, ते पाहू. पन्नास मिनिटांची शर्यत म्हणजे 3000 सेकंद. तुमचं शीड शेजाऱ्याच्या शिडापेक्षा फक्त अर्धा टक्का मंद असेल, तर शेवटी 15 सेकंदांचा फरक पडतो. वाऱ्याच्या दिशेनं चढताना बोटीचा वेग 4 नॉट धरला, म्हणजे सेकंदाला साधारण 2 मीटर, तर 15 सेकंदांत ती 30 मीटर जाते. लांबी 4.23 मीटर, म्हणजे सात बोटींचं अंतर. चांगल्या ताफ्यात सात बोटींच्या अंतरात दहा-बारा जण बसतात. अर्धा टक्का डोळ्यांना दिसत नाही, पण निकालपत्रात तो ठळक उमटतो.

आता पहिला बदल. शिडाच्या तळाशी आडवी काठी असते, बूम. ती वर उचलली जाऊ नये म्हणून खाली खेचून धरणाऱ्या दोरीला व्हँग म्हणतात. वारा वाढला की व्हँग घट्ट करायची, डोलकाठी वाकवायची, शीड सपाट करायचं. पूर्वी यासाठी दोरीत जागोजाग फासे घालून, दोरीवरूनच दोरी ओवून बळ वाढवावं लागे. घर्षणात निम्मा जोर जाई आणि हलक्या खलाशाचे हाल होत. 2001 च्या नियमांनी कप्प्या आल्या आणि व्हँगला 15:1 पर्यंत यांत्रिक लाभ घेता येऊ लागला. घर्षण सोडून द्या, 10 किलोच्या ओढीला 150 किलोचा ताण. त्या बदल्यात 1 सेंटिमीटरसाठी 15 सेंटिमीटर दोरी ओढावी लागते, पण ते परवडतं. या बदलानं बोटीचा वेग वाढला असं मी म्हणणार नाही. जे काम पूर्वी मनगटाच्या ताकदीवर ठरत होतं, ते पासष्ट किलोच्या मुलीलाही जमू लागलं. 2008 पासून ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी जरा लहान शिडाची लेझर रेडियल आली, त्या वर्गाला या कप्प्यांचा केवढा आधार मिळाला असेल याचा अंदाज करता येतो.

पण बदल एकटा येत नाही. ताण वाढवता येऊ लागला, तसा तो वाढवला गेला. डोलकाठी तेव्हा दोन अॅल्युमिनियमच्या नळ्यांची. ताण मर्यादेबाहेर गेला की अॅल्युमिनियम वाकून तसंच राहतं, परत सरळ होत नाही. वरचा तुकडा, विशेषतः रिव्हेटच्या छिद्रापाशी, याच कारणानं जायचा. शिडाचं कापडही दमू लागलं. शिडाच्या डॅक्रॉन कापडाच्या विणीत भरलेलं राळेचं आवरण ताणानं आणि फडफडण्यानं मोडतं, कापड तिरकं ताणलं जातं, शिडाचं पोट मागे सरकतं. अशा शिडानं जोराच्या वाऱ्यात बोट पुढे जाण्याऐवजी कलते. 2001 च्या कप्प्या आणि पंधरा वर्षांनंतरचं नवं शीड यांचा हा थेट संबंध आहे, असं मला वाटतं. वादात तो फारसा कुणी मांडत नाही.

शिडाचे आकडे असे. जुन्या शिडाचं कापड 3.8 औंसाचं, नव्याचं 4.5 औंसाचं. हा शीडकारांचा औंस आहे. तो सुमारे 43 ग्रॅम प्रति चौरस मीटर पडतो. म्हणजे 163 ग्रॅमचं कापड 193 ग्रॅमवर गेलं, अठरा टक्के वाढ. 7.06 चौरस मीटरवर हिशोब केला तर संपूर्ण शीड जेमतेम 210 ग्रॅमनं जड झालं. हल आणि ऐंशी किलोचा खलाशी मिळून 139 किलो. त्यात 210 ग्रॅम म्हणजे शेकडा 0.15. जड शिडामुळे हलक्या वाऱ्यात मार बसेल, ही भीती या आकड्यापुढे टिकत नाही. जुन्या शिडाचे पट्टे आडवे होते. नव्याचे कोपऱ्यांतून पसरतात, कारण ताण कोपऱ्यांतूनच येतो. कोपऱ्यांवरची ठिगळंही मोठी झाली. आराखडा करताना हेतू जाहीर होता: नवं शीड जुन्या कोऱ्या शिडाइतकंच वेगवान असावं, मात्र जास्त टिकावं. जुनं शीडही नियमांत कायम राहिलं.

इथं खरा हिशोब सुरू होतो. समजा जुनं शीड 100 रुपयांना मिळतं आणि 20 दिवस स्पर्धेच्या लायकीचं राहतं. दिवसाला 5 रुपये. नवं सव्वापट महाग, पण पावणेदोनपट टिकतं: 125 भागिले 35, दिवसाला साधारण 3 रुपये 57 पैसे. किंमत ज्या पटीत वाढली, त्यापेक्षा आयुष्य जास्त पटीत वाढलं, तर बदल स्वस्त. दुकानातली किंमत पाहून संतापणारे लोक ही भागाकाराची पायरी वगळतात.

आणि याहून मोलाची गोष्ट दुसरी आहे. समजा तीस दिवस वापरल्यावर जुन्या कापडाचं शीड एक टक्का मंद होतं आणि नव्याचं अर्धा टक्का. मघाच्या हिशोबानं एक टक्का म्हणजे चौदा बोटी, अर्धा म्हणजे सात. दर स्पर्धेला कोरं शीड घेणारा आणि वर्षभर एकच शीड वापरणारा, यांच्यातलं अंतर सात बोटींनी आटलं. वेग एका इंचानंही न वाढवता शर्यत जास्त न्याय्य झाली. वन-डिझाइनचा जन्मच या न्यायासाठी आहे. डब्लिनजवळच्या किंग्सटाउनला 1887 मध्ये वॉटर वॅग बोटींचा ताफा सुरू झाला, तो हीच खर्चाची चढाओढ थांबवण्यासाठी. त्यांनीही 13 फुटांची पहिली बोट सोडून 1900 मध्ये 14 फूट 3 इंचांची नवी घेतली. म्हणजे बदल झाला की वन-डिझाइन मोडलं, हे म्हणणं त्या वर्गाच्या पहिल्या तेरा वर्षांतच खोटं ठरलं होतं.

डोलकाठीच्या वरच्या तुकड्याचा हिशोब मात्र वेगळा आहे, आणि तो अधिक जपून करावा लागतो. एका हलवर तीन आकारांची शिडं चढतात: 4.7, 5.76 आणि 7.06 चौरस मीटर. सर्वांत लहान शीड मोठ्याच्या दोन तृतीयांश आहे. खालची नळी तिघांची वेगळी, वरची मात्र एकच. जड कापडाच्या नव्या शिडानं फक्त मोठ्या ताफ्याला हात लावला. वरच्या नळीचा बदल तिन्ही ताफ्यांना एकदम भिडतो, त्यात शाळकरी मुलांचाही. म्हणून 2017 ची तंतुमिश्रित नळी अॅल्युमिनियमच्या वाकण्याशी जुळेल अशी बनवली गेली आणि ऐच्छिक ठेवली गेली, हे योग्यच झालं. ऐच्छिक या शब्दावर विसंबू नये, एवढंच. नवी वस्तू जरा जरी वेगवान निघाली, तर ती दोन हंगामांत सक्तीची होते. नियम न बदलता.

भारतात या तीन आकारांची शिडी स्पष्ट दिसते. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर यांनी सर्वांत लहान शिडाच्या गटात रौप्य मिळवलं आणि विष्णू सरवणन यांनी मोठ्या गटात कांस्य. सरवणन टोकियो ऑलिम्पिकमध्ये विसावे होते, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अठरावे. नेत्रा कुमनन त्याच दोन स्पर्धांत मधल्या शिडावर पस्तिसाव्या क्रमांकावरून एकविसाव्यावर आल्या. मुंबईच्या कुलाब्याला सैन्याचं जे नौकानयन केंद्र आहे, तिथून ही बोट हाकणारे खलाशी घडतात. आपल्याकडच्या खलाशाला नवं शीड परदेशातून मागवावं लागतं. दर दहा दिवसांनी शीड बदलणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो उभा राहणार असेल, तर टिकणारं कापड त्याच्या बाजूचं आहे. सरावाला नकली शीड आणि शर्यतीला अस्सल, असा मार्ग जगभरचे खलाशी काढतात. अस्सल फक्त परवानाधारक उत्पादकाकडूनच घ्यावं लागतं. या मक्तेदारीचा प्रश्न 2019 मध्ये चिघळला. एका मोठ्या उत्पादकाचा परवाना गेला, लेझर हे व्यापारी नाव वापरता येईना, आणि वर्गाच्या बोटीचं नाव आयएलसीए झालं. त्याच वर्षी 30 किलोच्या आरएस एरो या बोटीला ऑलिम्पिकमध्ये आणावं, अशी शिफारस जागतिक नौकानयन संघटनेच्या तपासणी समितीनं केली होती. संघटनेनं 59 किलोची जुनी बोटच ठेवली. निम्म्या वजनाची बोट नाकारणं मागासलेपणाचं वाटेल, पण आधीच किनाऱ्यावर असलेल्या लाखो हलांची किंमत त्या तुलनेत कुठल्या रकान्यात लिहिणार?

निर्णय घेण्याची पद्धतही आकड्यांतच पाहावी. नियमबदलासाठी जागतिक संघटना आणि वर्गाच्या समित्यांची संमती लागते, आणि मतदानाला उत्तर देणाऱ्या सभासदांपैकी दोन तृतीयांशांची. शंभरातल्या तिसांनीच उत्तर दिलं, तर वीस जण पुरतात. उत्तर देणारे बहुधा सक्रिय स्पर्धक असतात. जुनी बोट घेऊन रविवारी क्लबात उतरणारा माणूस मत देत नाही, खर्च मात्र त्याच्यावरही येतो. म्हणून मतपत्रिकेसोबत चार आकडे छापून यायला हवेत, अशी माझी मागणी आहे: नव्या वस्तूची किंमत, ठरावीक दिवस वापरल्यावर मोजलेली वेगातली घट, सध्याच्या किती बोटींना ती घ्यावीशी वाटेल याचा अंदाज, आणि मागच्या मतदानात किती सभासदांनी उत्तर दिलं होतं.