नेताजींची ‘वाँडरर’

कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरील वडिलोपार्जित वाड्यात नजरकैदेत असलेले सुभाषचंद्र बोस, गुप्त पोलिसांचा अहोरात्र पहारा चुकवून, महंमद झियाउद्दीन या नावाने व उत्तर हिंदुस्थानी मुसलमानाच्या वेषात, १९४१ च्या जानेवारीतील १६-१७ तारखांच्या मध्यरात्रीनंतर ज्या मोटारीतून निसटले, ती जर्मन बनावटीची ‘वाँडरर डब्ल्यू २४’ गाडी आज त्याच वास्तूत, म्हणजे नेताजी भवनात, जतन केलेली आहे.

सारथी : पुतणे शिशिरकुमार बोस.

मार्ग : धनबादनजीक बरारी येथे, दुसरे पुतणे अशोकनाथ यांच्या घरी दिवस काढून, पुढील रात्री गोमो स्थानकापर्यंतचा प्रवास याच गाडीने झाला, तेथून नेताजी आगगाडीने दिल्लीस व पुढे पेशावरमार्गे काबूलला गेले. ते घरात नाहीत, ही वार्ता सरकारदरबारी पोहोचेपर्यंत आठवड्याहून अधिक काळ लोटला होता.

नोंदणी क्रमांक : बीएलए ७१६९.

घराणे : ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख व वाँडरर या चार कारखान्यांच्या १९३२ मधील एकीकरणाची निशाणी म्हणजेच ऑडीची चार कडी.

जीर्णोद्धार : दुरुस्त होऊन पुन्हा चालती झालेल्या या गाडीचे अनावरण राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते जानेवारी २०१७ मध्ये झाले.