अमेरिकेतले जुने घर, भिंतीतला फेस आणि गुरुजींचा दमा

गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय एकाहत्तर, दमा वीस वर्षांचा, पण पंप नियमित घेत असल्याने तब्येत ठीक. मुलगा अमेरिकेत, बोस्टनजवळ असतो. त्याने तेथे १९२० च्या दशकातले एक लाकडी घर विकत घेतले आहे आणि ऑक्टोबरमध्ये आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावले आहे.

"डॉक्टर, प्रवासाचं सर्टिफिकेट तर हवंच आहे," गुरुजी म्हणाले, "पण आणखी एक विचारायचं होतं. घर फार थंड पडतं म्हणून पोरगा छताच्या आतून कसला फेस मारून घेतोय. आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी काम संपेल, असं त्यानं मुद्दाम जुळवलंय. म्हणजे आम्हाला घर उबदार मिळेल."

आदल्या दिवशी हा शब्द ऐकून मी हातातले पेन खाली ठेवले. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांची मुले आज परदेशात आहेत आणि थंडीत तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांची संख्या दरवर्षी वाढते आहे. म्हणून हा विषय या सदरात सविस्तर घेत आहे.

प्रथम हा फेस मारण्याची गरज का पडते ते पाहू. आपल्याकडची जुनी घरे दगड-मातीची, भिंती हात-दीड हात जाड. उत्तर अमेरिकेतली जुनी घरे बहुधा लाकडी सांगाड्याची असतात. दोन फळ्यांच्या मधली भिंत पोकळ, वर माळा, खाली तळघर. सांध्यासांध्यांतून फटी. हिवाळ्यात घरातील गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या फटींतून निघून जाते. तिची जागा भरून काढायला तळघरातून आणि खालच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. म्हणजे सबंध घर एखाद्या धुराड्यासारखे वागते. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यानंतर तिकडच्या लोकांनी घरे बुजवण्याचे काम फार मनावर घेतले.

थंड घर ही नुसती गैरसोय नव्हे. गार हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसतात आणि वयस्कांचा रक्तदाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड हवामानाच्या प्रदेशांसाठी घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे सुचविले आहे. तेव्हा गुरुजींच्या मुलाचा हेतू चांगलाच आहे, यात शंका नाही.

आता हा फेस म्हणजे काय ते पाहू. त्याला स्प्रे फोम म्हणतात. जात पॉलियुरेथेनची, म्हणजे आपल्या गादीतल्या फोमचा हा चुलतभाऊ. याचे दोन प्रकार. क्लोज्ड सेल हा टणक आणि ओपन सेल हा मऊ. ओपन सेल फोमच्या एका घनमीटरचे वजन साधारण ८ किलो, टणक फोमचे त्याच्या चौपट. मऊ फोममधले बारीक कप्पे फुटलेले असतात आणि त्यांत हवा भरलेली असते. ही हवा जागच्या जागी अडकून राहते म्हणून उष्णता सहज पलीकडे जात नाही. इंचाला इंच पाहिले तर थंडी अडवण्यात तो टणक फोमपेक्षा उणा, पण स्वस्त, आणि फुगून कानाकोपऱ्यात शिरणारा.

दोन पिंपांतली द्रव्ये तापवून नळ्यांतून आणतात आणि पिचकारीसारख्या बंदुकीच्या तोंडाशी ती एकत्र होतात. भिंतीवर पडताक्षणी मिश्रण फसफसते आणि काही सेकंदांत मूळ आकारमानाच्या शंभरपटीच्या आसपास फुगते. पाव फुगतो तो खमिराने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. इथेही वायू तोच, फक्त तो पाणी आणि पिंपातील एका रसायनाच्या क्रियेतून निघतो. ते रसायन म्हणजे आयसोसायनेट, आणि वाचकांनी थांबून वाचावे असा शब्द हाच.

हा शब्द आपण ऐकलेला आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. फोममधले आयसोसायनेट त्याच कुळातले, पण स्वभावाने वेगळे. भोपाळचे द्रव्य ३९ अंशांवरच उकळते, म्हणून ते वायू होऊन शहरभर पसरले. फोममधले द्रव्य, ज्याला थोडक्यात एमडीआय म्हणतात, जड असते आणि सहजी उडत नाही. त्यामुळे फोमचे नाव काढताच भोपाळ आठवून घाबरण्याचे कारण नाही. मात्र ते तापवून फवारले की त्याचे सूक्ष्म थेंब आणि वाफ हवेत तरंगतात, आणि धोका असतो तो त्या वेळी. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी हवेतील याचे प्रमाण कोणत्याही क्षणी दर दहा लाख भागांत ०.०२ भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. इतक्या प्रमाणाला वास येत नाही. म्हणजे वास येत नाही, तेव्हा हवा शुद्ध आहे, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

आयसोसायनेट शरीरात काय करते, हे मला पुस्तकाआधी एका रुग्णाने शिकवले. गाड्यांना फवाऱ्याने रंग मारणारा तिशीतला तरुण होता. निर्व्यसनी. रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकल्याने उठायचा, छातीत सूं सूं वाजायचे. मी ब्राँकायटिस समजून दोनदा औषधे दिली. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला आणि औषधाशिवाय बरा झाला. कामावर परतल्यावर चार दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाड्यांचा चकचकीत टिकाऊ रंग दोन डब्यांतून येतो आणि त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. तोंडाला रुमाल बांधून तो वर्षानुवर्षे ते हुंगत होता.

या दम्याचे वैशिष्ट्य असे की तो पहिल्या दिवशी होत नाही. काही आठवडे, कधी काही वर्षे संपर्क येत राहतो, आणि शरीराला त्या द्रव्याची अॅलर्जी जडते. एकदा ती जडली की नंतर अगदी नगण्य मात्रेनेही झटका येऊ शकतो. त्रास बऱ्याचदा कामावर न होता काही तासांनी, रात्री होतो, त्यामुळे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कारण उमगत नाही. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना जगभर होते. युरोपीय संघाने तर ऑगस्ट २०२३ पासून ही द्रव्ये वापरणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. आपल्याकडे रंगकाम करणाऱ्या, गच्चीवर किंवा शीतगृहात फोम मारणाऱ्या मुलांच्या तोंडावर अजूनही रुमालच दिसतो. रुमाल काय किंवा साधा मास्क काय, वाफ अडवत नाही. फोम फवारणाऱ्याला बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. माझ्या त्या रुग्णाने अखेर रंगकाम सोडून गाडीचा पत्रा ठोकण्याचे काम धरले. पगार कमी झाला, पण रात्री झोपतो.

गुरुजींकडे वळू. ते फवारणार नाहीत, मग त्यांना काय? फवारताना घरातल्या सगळ्या माणसांनी, कुत्र्या-मांजरांनीही, बाहेर असले पाहिजे आणि नंतरही घराला हवा खेळवण्यासाठी वेळ दिला पाहिजे. बहुतेक उत्पादक किमान २४ तास सांगतात. पण फोम पूर्ण पक्व होण्याचा वेळ तापमान, आर्द्रता आणि कारागिराच्या हातावर अवलंबून असतो. मऊ फोम लाकडी चौकटीच्या बाहेर फुगून येतो आणि तो करवतीने कापून सपाट करतात. ती धूळही श्वासाला चांगली नाही. नीट पक्व झालेला फोम बराचसा निरुपद्रवी मानतात. मात्र दोन द्रव्यांचे प्रमाण चुकले किंवा एकाच वेळी फार जाड थर मारला तर फोम कच्चा राहतो आणि घराला सुक्या मासळीच्या जवळ जाणारा वास येत राहतो. हा वास दुसऱ्या पिंपातील अमाइन द्रव्यांचा. तो आठवड्यानंतरही येत असेल तर ठेकेदाराला बोलवावे, उदबत्ती लावून झाकू नये. दमेकऱ्याने तर अशा घरात राहूच नये.

असा अनुभव तिकडच्या लोकांनी पूर्वी घेतलेला आहे. सत्तरीच्या दशकात युरिया फॉर्माल्डिहाइडचा फेस हजारो घरांच्या पोकळ भिंतींत भरला गेला, त्यातून डोळे चुरचुरवणारा वायू सुटू लागला. कॅनडाने १९८० साली त्यावर बंदी घातली. अमेरिकेत १९८२ ची बंदी न्यायालयाने पुढल्या वर्षी रद्द केली, तरी लोकांनी तो फेस सोडलाच. आजचा फोम तो नव्हे, पण जुने घर विकत घेणाऱ्याने भिंतीत आधीच काय भरले आहे हे विचारायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न मला रसायनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. फटी बुजल्या की घर श्वास कशाने घेणार? गंजक्या फटींतून का होईना, जुन्या घरात हवा बदलत होती. ती थांबली की स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, माणसांच्या श्वासातला ओलावा आतच राहतो. ओलाव्याबरोबर बुरशी आणि गादीतले सूक्ष्म किडे वाढतात, म्हणजे पुन्हा दमाच. मऊ फोममधून वाफ आरपार जाते आणि थंड प्रदेशात छताच्या गार फळ्यांवर तिचे पाणी होऊन लाकूड कुजू शकते. म्हणून तेथे फोमवर वाफरोधक थर देण्याची काळजी घ्यावी लागते.

त्याहून भयंकर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद न्हाणीघरात गॅस गिझर पेटवून आंघोळीला गेलेली माणसे बाहेर आलीच नाहीत, अशा बातम्या आपण याच वर्तमानपत्रात वाचतो. बोस्टनकडच्या जुन्या घरांत तळघरात तेलावर किंवा गॅसवर चालणारा बॉयलर असतो आणि तो ज्वलनासाठी घरातलीच हवा घेतो. घर घट्ट झाले आणि स्वयंपाकघरातला जोरकस पंखा लावला, की हवा कुठूनतरी यायलाच हवी. मग ती बॉयलरच्या धुराड्यातून उलटी खाली येते, धुरासकट. घरातल्या सगळ्यांचेच एकदम डोके दुखू लागले, मळमळले, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर तो फ्लू नव्हे. त्या राज्यात २००६ पासून घरांत या वायूची सूचना देणारी घंटा कायद्याने सक्तीची आहे. ती चालू आहे ना, हे गुरुजींनी स्वतः पाहावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. घर बुजवण्याआधी आणि नंतर दारात मोठा पंखा बसवून हवा किती गळते हे मोजतात, ते करून घ्यावे आणि हवा बदलणारे यंत्र बसवावे. जमिनीतून येणारा रेडॉन वायू मोजावा, कारण अमेरिकेत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण तो मानला जातो. माळ्यावर अभ्रकासारखा चमकणारा जुना भुगा असेल तर त्यात अॅसबेस्टॉस असू शकते, त्याला हात लावू नये. त्या काळातल्या चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून नेलेल्या विजेच्या तारा फोमने झाकू नयेत, त्या तापतात. आणि फोम ज्वलनशील असल्याने राहत्या जागेकडून त्यावर जिप्समचा थर हवाच.

जाता जाता एक गंमत. पोकळ भिंती भरायला तिकडे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगाही वापरतात, आग आणि कीड लागू नये म्हणून त्यात बोरिक मिसळून. फवारताना धूळ उडते खरी, पण आयसोसायनेट नाही. आमच्या या सदराची रद्दी कोणाच्या भिंतीत गेली तर मला आनंदच होईल.

गुरुजींसमोरच मुलाला फोन लावला. "काका, ठेकेदार म्हणतो २४ तास पुरे," तो म्हणाला. मी म्हटले, "धडधाकट माणसाला असतील. तुझ्या वडिलांना नाहीत, आणि घरात तीन वर्षांची पोर आहे." बराच वेळ तो काही बोलला नाही. ठेकेदाराची तारीख मिळायला म्हणे त्याला चार महिने लागले होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला. काम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होणार, ते तिघे चार दिवस मित्राकडे राहणार, बॉयलरची तपासणी आधी होणार. सर्टिफिकेट मी दिले आहे. दोन्ही पंप हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितले आहेत, कारण सामानाची मोठी बॅग कधी कुठे उतरेल याचा भरवसा नसतो.