मोटारीचे दिवे : आतले आणि पुढचे
मोटारीच्या छतातील तारेचा बल्ब १२ व्होल्टवर पाच-दहा वॅट वीज घेतो आणि तिचा बहुतेक भाग उष्णतेत दवडतो. त्याच्या जागी एल.ई.डी.चे पॅनेल बसविले, तर थोडक्या विजेत लख्ख उजेड पडतो. ते लागलेच नाही, तर उलटे करून पाहावे, एल.ई.डी.मधून वीज एकाच दिशेने वाहते.

परंतु हाच न्याय पुढच्या दिव्यांना लावू नये. तेथील आरशाचा बाक हॅलोजन बल्बच्या तारेची नेमकी जागा धरून घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचित सरकला, की किरण भलतीकडे फाकतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रस्ता त्याचाही आहे. म्हणून आत खुशाल पालट करावा; पुढे मात्र मूळ जातीचाच बल्ब ठेवावा.