माळव्याच्या रानातील सस्तन प्राणी आणि कॅमेरा

वन्य सस्तन प्राण्याचे छायाचित्र पक्ष्याच्या छायाचित्राहून कठीण असते. पक्षी बहुधा दिवसा वावरतो आणि धोका मुख्यतः डोळ्यांनी ओळखतो. सस्तन प्राणी प्रामुख्याने नाकाने आणि कानाने जगतो. माणूस त्याला दिसण्याआधीच माणसाचा वास त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. शिवाय बहुतेक सस्तन प्राणी रात्री किंवा पहाटे-संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाहेर पडतात, म्हणजे कॅमेऱ्याला प्रकाश सर्वांत कमी मिळतो तेव्हा. भारतात सस्तन प्राण्यांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त वटवाघळे आणि उंदीर-खारींसारखे कुरतडणारे प्राणी आहेत, पण छायाचित्रांत दिसतो तो मुख्यतः वाघ. हे चित्र एकांगी आहे, आणि ते बदलण्याची सुरुवात घराच्या अंगणातूनही करता येते.

या कलेच्या भारतीय इतिहासात माळव्यातल्या इंदूरचे स्थान मोठे आहे. लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि 1874 च्या सुमारास त्यांनी येथेच कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे आणि ब्रिटिशांचे मध्य भारतातील प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. संस्थानिकांच्या आणि व्हाइसरॉयांच्या शिकारींचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. 1902 मध्ये हैदराबाद संस्थानात मारलेल्या वाघाजवळ उभे असलेले लॉर्ड आणि लेडी कर्झन यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या काळच्या छायाचित्रांत प्राणी मेलेलाच का दिसतो, याचे एक कारण शिकारीची प्रतिष्ठा हे होते आणि दुसरे तांत्रिक होते. सुरुवातीच्या ओल्या काचपट्ट्या जागेवरच तयार करून सुकण्याआधी धुवाव्या लागत आणि त्यांना काही सेकंदांचा प्रकाश लागे. तेवढा वेळ स्थिर राहणारा वन्य प्राणी म्हणजे मेलेला किंवा पिंजऱ्यातला. कोरड्या काचपट्ट्या आल्या आणि क्षणाच्या अंशात चित्र उमटू लागले, तेव्हा कुठे जिवंत प्राणी कॅमेऱ्याच्या आवाक्यात आला.

अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री होडीतून आणि झाडीत ताणलेल्या तारांच्या साहाय्याने हरणांची छायाचित्रे घेतली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जुलै 1906 च्या अंकात त्यांची 74 छायाचित्रे छापली. भारतात हे काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने केले. संयुक्त प्रांतातल्या जंगलवाटांवर ते बारीक तार बांधत. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उजळे आणि कॅमेरा चाले. अशी त्यांची व्याघ्रचित्रे 1925 मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात आली आणि 1927 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याची शिकार अधिक कौशल्याची आहे, असे चॅम्पियन यांचे आग्रहाचे म्हणणे होते. शिकारी जिम कॉर्बेट यांच्या हाती कॅमेरा येण्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. आजचा ‘कॅमेरा ट्रॅप’ हा त्या तारेचाच वारस आहे.

होळकरांच्या तुकोजीराव या नावावरून ओळखला जाणारा इंदूरचा तुकोगंज भाग आज भर शहरात आहे. तरीही जुन्या बंगल्यांची आवारे आणि रस्त्याकडेची मोठी झाडे यांमुळे काही वन्य सस्तन प्राणी इथे टिकून आहेत. सर्वांत सोयीची खार. माळव्यात आढळणाऱ्या खारीच्या पाठीवर पाच फिकट पट्टे असतात, तर दक्षिणेकडच्या जातीच्या पाठीवर तीन. चांगल्या छायाचित्रात हे पट्टे मोजता येतात, आणि चित्र ओळखीसाठी उपयोगी पडते म्हणजे काय, ते इथेच कळते. खार चपळ, लहान आणि सतत सावली-उन्हात ये-जा करणारी असल्याने जो तिला नीट टिपू शकतो त्याला चितळ सोपे वाटते. मुंगूस सकाळी कुंपणाच्या कडेने जाते. संध्याकाळी मोठी फळाहारी वटवाघळे झाडांवरून उडू लागतात तेव्हा आकाशात अजून निळसर उजेड असतो आणि पंखांचे पडदे स्पष्ट उठून दिसतात. उदमांजर मात्र रात्रीचे. ते छतावरून जाते आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ताही नसतो.

शहराच्या दक्षिणेला राळामंडल अभयारण्य आहे. 1989 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम 2.34 चौरस किलोमीटरचे आहे. टेकडीची उंची 782 मीटर आणि माथ्यावर होळकरांचे शिकारगृह. जिथून बंदुका चालत तिथे आज चितळ, सांबर आणि नीलगाय पाहायला लोक जातात. आकार लहान असला तरी शिकणाऱ्यासाठी ही जागा फार चांगली आहे, कारण तेच प्राणी, त्याच वाटा आणि बदलते ऋतू पुन्हा पुन्हा पाहता येतात. पुढे महू, चोरल, मानपूरकडे विंध्याचे उतार आणि दऱ्या लागतात. हा बिबट्याचा मुलूख. उत्तरेला शाजापूर-उज्जैनच्या बाजूला रान नाहीच, तरी काळविटांचे कळप गहू-हरभऱ्याच्या शेतांत चरतात. तिथे छायाचित्रकाराने आधी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. त्याचे पीक खाणाऱ्या प्राण्याचे चित्र घ्यायला उभ्या पिकातून चालत जाणे हा दुहेरी अन्याय आहे. अस्वल, रानगवा, रानकुत्री आणि शेकरू यांसाठी सातपुडा व्याघ्र प्रकल्प गाठावा. तिथल्या मढई प्रवेशद्वाराला देनवा नदीचे पाणी होडीने ओलांडून आत जावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की अस्वले ती वेचायला येतात.

प्राण्याजवळ पोचण्याचा पहिला नियम वाऱ्याचा. वारा प्राण्याकडून माणसाकडे यायला हवा. मूठभर कोरडी माती हातातून सोडली की दिशा कळते. अत्तर आणि सुगंधी साबण टाळावेत. रंगाची चिंता त्या मानाने कमी. बहुतेक सस्तन प्राण्यांना तांबडा आणि हिरवा यांतला भेद कळत नाही. चितळाला नारिंगी वाघ हिरव्या झुडपात दिसत नाही तो म्हणूनच. अचानक हालचाल मात्र त्याला लगेच कळते. म्हणून प्राण्याच्या मागे जाण्यापेक्षा पाणवठ्याजवळ किंवा वाटेच्या वळणावर आधी जाऊन थांबणे केव्हाही चांगले. जो येऊन बसतो त्याला प्राणी स्वीकारतो, पाठलाग करणाऱ्याला नाही. कानही कामाला लावावेत. वानर झाडावरून खोकल्यासारखा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण ओरडते, सांबर खणखणीत भुंकते. सांबराचा इशारा सहसा फोल जात नाही. पंजांचे ठसे, विष्ठा, झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे हे वाचता आले तर छायाचित्रकाराचा अर्धा दिवस वाचतो.

कॅमेरा प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर असावा. जीपमधून उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यातला बिबट्या बुटका दिसतो आणि त्याची पाठच तेवढी नजरेत भरते. तोच डोळ्यांच्या पातळीवरून घेतला तर त्याच्या नजरेला नजर मिळते. फोकस नेहमी डोळ्यावर. डोळा धूसर असेल तर बाकी सारे चित्र कितीही स्वच्छ असले तरी उपयोग नाही. साधनांत 100 ते 400 किंवा 150 ते 600 मिलिमीटरची लेन्स बहुतेक कामांना पुरते. जीपमध्ये तिपाई अडचणीची होते. त्याऐवजी तांदूळ किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी गाडीच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. चालत्या प्राण्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग आणि धावत्यासाठी हजारावा किंवा त्याहून कमी भाग एवढा शटरवेग धरावा. पहाटे त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावी लागते आणि चित्रात रवा, म्हणजे दाणेदारपणा, दिसू लागतो. त्याला घाबरू नये. रवाळ पण ठाम चित्र हे गुळगुळीत पण हललेल्या चित्राहून नक्कीच सरस.

काळ्या प्राण्यांबाबत एक अडचण हमखास येते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. अस्वलाने चौकट भरली की तो प्रकाश वाढवतो आणि अस्वल करडे येते. अशा वेळी एक्स्पोजर कमी करावे. काळविटात प्रश्न आणखी बिकट. नराची पाठ जवळजवळ काळी, पोट पांढरेशुभ्र, आणि शेजारी फिकट बदामी मादी. पांढऱ्या पोटाचा तपशील जाऊ न देता चित्र घेऊन सावल्या नंतर संगणकावर उजळणे हा खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी छायाचित्र ‘रॉ’, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवलेले असावे लागते.

माळव्याचे हवामानही विचारात घ्यावे लागते. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर काळ्या जमिनीवरून उष्ण हवेचे थर वर चढू लागतात आणि दूरचा प्राणी थरथरता दिसतो. महागडी लेन्सही तिथे हतबल असते, कारण दोष मधल्या हवेचा असतो. तेव्हा जवळचे विषय घ्यावेत किंवा संध्याकाळची वाट पाहावी. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल घातलेला बंद डबा घरी असावा. मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांना बंद असते. हे तीन महिने खारी आणि वटवाघळांना द्यायला हरकत नाही.

बिबट्या, साळिंदर, तरस, उदमांजर अशा निशाचरांची उत्तम छायाचित्रे माणूस जागेवर नसतानाच मिळतात. कॅमेरा ट्रॅपमधला संवेदक भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाचे शरीर समोरून हलले की कॅमेरा चालू करतो. भर उन्हाळ्यात जमिनीचे तापमान प्राण्याच्या शरीराइतके झाले की तो कधीकधी चुकतो. व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि प्रत्येक वाघाचे पट्टे त्याचे स्वतःचे, त्यामुळे दोन्ही बाजू मिळाल्या तरच ओळख पक्की होते. ही पद्धत 1990 च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे के. उल्हास कारंत यांनी रुजवली. 2018 च्या अखिल भारतीय गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले. जवळजवळ साडेतीन कोटी चित्रे मिळाली, आणि त्यांत वाघाची होती 76,651. मे 2023 मध्ये महूच्या लष्करी परिसरातील सुरक्षा कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. इंदूरच्या इतक्या जवळ वाघ फिरतो आहे, हे त्या धूसर चित्राने निर्विवाद दाखवले. सौंदर्याच्या कसोटीवर ते चित्र शून्य असेल, पण माहिती म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

याच तंत्रातून कलाही घडते. मुंबईचे नयन खानोलकर यांनी आरे दूध वसाहतीच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या टिपला आणि 2016 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळवले. गल्लीत नेहमी असतो तसाच उजेड वाटावा अशा बेताने त्यांनी फ्लॅश लावले होते आणि बिबट्याने सारी चौकट व्यापू नये अशा रीतीने कॅमेरा ठेवला होता. हवे ते चित्र मिळायला चार महिने लागले. माणसांच्या घरांमधून निवांत जाणारा तो बिबट्या पाहिल्यावर शेजार या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कोणत्याही जबडा वासलेल्या वाघापेक्षा हे चित्र मोठे आहे.

याच स्पर्धेतील दोन पारितोषिके परत घेतली गेली, तीही सस्तन प्राण्यांच्या चित्रांची. 2009 च्या विजेत्या चित्रातला फाटकावरून उडी मारणारा लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. 2017 च्या चित्रातला ब्राझीलचा मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. वन्य प्राण्याच्या चित्राचा सारा अधिकार ते खरे असण्यात आहे. आमिष ठेवून, गुहेच्या तोंडाशी फ्लॅश मारून किंवा पिल्लांना आईपासून तोडून घेतलेले चित्रही खोटेच, कारण त्यातले वागणे माणसाने घडवलेले असते.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात प्रवेशाला परवानगी लागते, छायाचित्रण हे त्या परवानगीचे एक मान्य कारण आहे, आणि प्राण्याला त्रास देणे किंवा डिवचणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या पर्यटनविषयक मार्गदर्शक सूचनांत प्राण्यापासून किमान 20 मीटर आणि दोन वाहनांत किमान 50 मीटर अंतर सांगितले आहे. वाघाभोवती जीपांची गर्दी जमते तेव्हा हे अंतर सर्वांत आधी मोडते. चालकाला ‘आणखी जवळ घ्या’ असे सांगणारा प्रवासीच त्याला जबाबदार असतो. अस्वलाच्या बाबतीत तर अंतर हा जिवाचा प्रश्न आहे. त्याची नजर कमजोर असते, आणि अवचित समोर आलेल्या माणसावर ते हल्ला करते.

सर्वांत मोठा धोका आता चित्र घेतल्यानंतर सुरू होतो. मोबाइलच्या आणि काही कॅमेऱ्यांच्या चित्रांत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदवले जातात. खवल्या मांजर, बिबट्या किंवा त्यांची पिल्ले यांचे असे चित्र समाजमाध्यमांवर गेले, तर चोरट्या शिकाऱ्याला आयता पत्ता मिळतो आणि बघ्यांची गर्दी लोटते ती वेगळीच. म्हणून चित्र पाठवण्याआधी ही नोंद काढून टाकावी आणि मजकुरातही गावाचे किंवा नाल्याचे नाव देऊ नये. इंदूर, महू किंवा चोरलच्या परिसरात दुर्मीळ सस्तन प्राण्याचे चित्र मिळाले, तर ते तारीख, वेळ आणि नेमक्या जागेसह आधी वनविभागाकडे द्यावे.